भोयरबाईंचे दोन प्रश्न

मी एकदा एका मुलीची भर वर्गात माफी मागितली आणि त्या माफीपायी तिचं वर्ष जवळजवळ बुडवलं. माफी मागून माणसाचं नुकसान कसं करता येतं हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी माझ्याकडे यावं. रीतसर शिकवीन. उभा जन्म शिकवण्यातच गेला आहे. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. कडक इस्त्रीची साडी, हातात रंगीत खडूंची पेटी, आणि विभागातली सगळी मुलं फक्त माझ्याच तासाला जीव टाकतात असा पक्का समज. ती बाई आज मला रस्त्यात दिसली तर मी पलीकडच्या बाजूने जाईन.

आठवण निघाली नातीमुळे. परवा जेवताना ती मोबाइलवर भराभर अंगठा दाबत होती. विचारलं तर म्हणाली, "टीचर्सचा फीडबॅक भरतेय आजी. भरल्याशिवाय हॉल तिकीट देत नाहीत." डोकावून पाहिलं तर सगळ्यांना चार-चार तारे.

"प्रश्न तरी वाच की गं."

"कशाला? चार सेफ असतात. खरं लिहिलं आणि कोणाला कळलं म्हणजे?"

हातातला घास तसाच राहिला. मला पुष्पा भोयर आठवल्या.

भोयरबाई रसायनशास्त्र विभागात माझ्याहून पाच वर्षांनी ज्येष्ठ. ठेंगण्या, रुंद कपाळाच्या. मनगटावरचं घड्याळ नेहमी उलटं, तबकडी आतल्या बाजूला. वर्धेकडच्या एका खेड्यातून आलेल्या आणि विभागाच्या बैठकीतसुद्धा घरच्यासारखंच बोलणाऱ्या. मी शहरातल्या जुन्या महाल भागातली. 'ण' आणि 'न' वेगळे उच्चारते याचा मला एवढा गर्व होता, की जणू ती माझीच कमाई. एकदा मी त्यांना आडून सुचवलं की बैठकीत जरा प्रमाण भाषेत बोलावं. त्या म्हणाल्या, "पोट्ट्याइसाठी एक अन् तुमच्यासाठी एक, असे दोन दोन बोलणे कोण सांभाळत बसन बाप्पा?"

अर्धं आयुष्य त्यांनी झाडांच्या सालींतून रंग काढण्याच्या संशोधनात घालवलं होतं. मग एका तोंडी परीक्षेत वर्गातला पहिला मुलगा साध्या प्रश्नाला अडला. भोयरबाईंनी विचारलं, "वर्गात तं तू समजलं म्हणत होता."

"हो मॅडम."

"काहून?"

"सगळे म्हणत होते."

त्या दिवसानंतर बाईंनी परीक्षानळी खाली ठेवली आणि स्वतःच्या वर्गावर संशोधन सुरू केलं. मुलांना नेमकं कुठे कळेनासं होतं, आणि कळेनासं झालं की मुलं काय करतात, एवढंच. आम्ही बाकीचे त्याला 'भोयरबाईंचा पंचनामा' म्हणायचो. हे नाव ठेवणारी कोण, ते विचारू नका.

त्यांची पद्धत साधी होती. तास संपला की प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी. तिच्यावर नाव नाही, रोल नंबर नाही. दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची. आज कुठे सुटलं? आणि सुटलं तेव्हा तुम्ही काय केलं? चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. पहिला प्रश्न कोणालाही सुचला असता. दुसरा फक्त त्यांनाच सुचला. त्याची उत्तरं मी नंतर पाहिली. 'शेजारच्याचं पाहून उतरवलं.' 'बाहेरच्या झाडाकडे पाहिलं.' आणि सगळ्यांत जास्त वेळा, 'मान हलवली.'

बाई आमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायच्या तेव्हा चपला दाराबाहेर काढून यायच्या, मुलांना पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून. माझ्या तासाला पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मी उष्मागतिकीचा असा काही धडाका लावला की खडूच्या धुळीत मीच दिसेनाशी झाले असेन. तासानंतर मोठ्या अपेक्षेने विचारलं, "कसा झाला?"

त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं, जणू उत्तर तिथेच होतं. "तू सातदा 'समजलं ना' विचारलं. एकदाही सेकंदभर थांबली नाहीस. तूच विचारते अन् तूच पुढं पळते वं. पोट्टे हो म्हणतीन तरी कवा?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी आपणहून बोलायला लागले.

एकदा बाहेरगावचे मोठे विद्वान व्याख्यानाला आले. तासभर बोलले. समोरच्या रांगेत आम्ही सगळे प्राध्यापक, ठेका धरल्यासारख्या माना हलवतोय. शेवटी त्यांनी काही शंका आहेत का विचारलं. भोयरबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मले दुसऱ्या चित्रापासून काहीच नाही समजलं सर." विभागप्रमुखांचा चेहरा उतरला. पाहुणे कपाळाला आठ्या घालून पुन्हा सांगू लागले आणि मागे बसलेल्या मुलांनी पहिल्यांदाच वह्या उघडल्या. बाहेर आल्यावर मी बाईंना म्हटलं, "काय हे, विभागाची शोभा केलीत."

"तुले समजलं होतं?"

"अर्थात."

"सांग मंग."

मी म्हटलं, घरी पाहुणे यायचेत, उशीर होतोय. घरी कोणीही येणार नव्हतं.

तर अशा या बाईंनी निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली असताना एक मोठा अभ्यास हाती घेतला होता. एम.एस्सी.चा एकच वर्ग, प्रवेशाच्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. दोन वर्षं, सगळ्यांचे तास, रोजच्या चिठ्ठ्या. विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे तो मांडायचा होता. समितीने मान्य केला तर त्यांचे दोन प्रश्न सगळ्याच विभागांत जाणार होते. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाला शब्द दिला होता की तुमचं अक्षर माझ्याशिवाय कोणी पाहणार नाही. दर रविवारी दुपारी त्या एकेक चिठ्ठी स्वतःच्या हाताने रजिस्टरात उतरवायच्या. आम्हा शिक्षकांना दाखवायच्या त्या नकला. मूळ चिठ्ठ्या कपाटात. मी हसले होते, "एवढा कसला सोवळेपणा?" त्या म्हणाल्या, "अक्षर म्हणजे चेहरा हाय, नलू. तू पेपर तपासणारी बाई, तुले तं गाव सुद्धा समजन."

खोटं नव्हतं. अक्षरावरून विद्यार्थी ओळखणे ही माझी ख्याती होती. चहाच्या वेळी मी त्याचे प्रयोग करून दाखवत असे.

परीक्षेआधीचा शेवटचा आठवडा. सोमवारी दुपारी बाईंना गुडघा दाखवायला धंतोलीत जायचं होतं. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "तुह्या तासाच्या चिठ्ठ्या जमा झाल्या की डबा कपाटात ठेवून दे. उघडू नको वं."

मी उघडला. माझा तास, माझी मुलं, माझ्याचबद्दलच्या चिठ्ठ्या, मग मी वाचल्या तर काय बिघडलं, असा माझा युक्तिवाद होता. खरं कारण म्हणजे मला कौतुक वाचायचं होतं.

पाचवी की सहावी चिठ्ठी. 'मॅडम म्हणतात हे तर बी.एस्सी.चंच आहे, सोपं आहे. तेव्हा सुटतं.' आणि खाली, 'मी वही मिटते.'

अनुस्वाराच्या जागी टिंब नव्हतं, बारीक गोल होता. असे गोल काढणारी वर्गात एकच मुलगी होती. प्रणाली. भंडाऱ्याकडची, वसतिगृहात राहणारी, तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसणारी.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण मला भरून आलं. आपण किती मोठ्या मनाच्या आहोत हे दाखवायची संधी चालून आली असं वाटलं. मंगळवारी सकाळी वर्गात गेले, सरळ तिसऱ्या बाकाशी जाऊन उभी राहिले आणि गोड हसून म्हणाले, "प्रणाली, माझं चुकलं. आजपासून मी 'सोपं आहे' म्हणणार नाही. आता वही उघड बरं."

तिने वही उघडली. तिचे हात मला आजही दिसतात. सगळा वर्ग आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग आपापल्या बाकाकडे पाहत होता. मला वाटलं, मुलं भारावली आहेत.

त्या दिवशीच्या सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच होत्या. 'सगळं समजलं. काही सुटलं नाही.' एकूण एक. बाईंनी त्या टेबलावर पसरल्या आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "काय केलं तू?"

मी सांगितलं. चांगल्या हेतूने केलं हे तीनदा सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. चिठ्ठ्या गोळा करत राहिल्या, कडा जुळवत राहिल्या, जुळलेल्या कडा पुन्हा जुळवत राहिल्या.

बुधवारी प्रणाली आली नाही. शनिवारी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा होती, आणि तोंडी परीक्षा घेणारी मी. मैत्रिणींकडून कळलं की तिने सामान बांधलंय, शुक्रवारी वडील न्यायला येणार आहेत. शनिवारी बसली नाही तर वर्ष गेलं. आणि एकदा घरी गेलेली मुलगी पुन्हा येईल याची खात्री कोणालाच नव्हती.

"मी जाऊन तिची माफी मागते," मी म्हटलं.

"पुन्हा?" बाई म्हणाल्या. "ते माफी तुले पाहिजे हाय. तिले नाही."

तरी वसतिगृहापर्यंत माझ्याच स्कूटरवर बसून आल्या. मला फाटकाशी थांबवलं आणि दुखरा गुडघा धरत एकट्या वर गेल्या. मी मार्चच्या उन्हात तासभर उभी. चौकीदाराने दोनदा विचारलं, "किसको मिलना है मॅडम?" काय सांगणार? जिला भेटायचं तिलाच मी नको होते.

बाई खाली आल्या. "हसून बोलल्या म्हणते मॅडम. रागावल्या असत्या तं मी एकटीच खाल्ली असती बोलणी म्हणते. हसल्या म्हणून सगळे पाहत राहिले." मग म्हणाल्या, "दोन गोष्टी हायेत. तोंडी परीक्षा तू नाही घ्यायची. अन् ते कागदं कपाटात नाही ठेवायचे. तिचेच नाही, सगळ्याइचे. वर्गातले सगळे भेलेत. उद्या कोणाचं अक्षर ओळखू येईन, काय नेम?"

मी हिशेबी डोकं चालवलं. "तिच्या तेवढ्या चिठ्ठ्या काढून देऊ. बाकी अभ्यास तर वाचेल. परवा समिती आहे बाई. कोणाला कळणार आहे?"

बाई म्हणाल्या, "तू अजून तिथंच उभी हायस वं, डबा उघडून."

संध्याकाळी मी विभागप्रमुखांना पत्र लिहायला बसले. पहिला मसुदा दोन पानी, त्यात 'सद्हेतू' चार वेळा. बाईंनी सगळा खोडला. विभागप्रमुखांनी तर सुचवलं, "मॅडम, तब्येतीचं कारण द्या ना, कशाला वाढवता?" बाई म्हणाल्या, "तब्येत लिहिली तं पोट्टीले कसं समजन का परीक्षक काहून बदलला?" शेवटी दोन ओळी उरल्या. मी विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि अक्षर ओळखलं. म्हणून या वर्गाची तोंडी परीक्षा मी घेऊ नये. सही करताना पेन दोनदा अडलं, शाई भरपूर असून.

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर भोयरबाईंनी दोन वर्षं मांडली. आठवड्याआठवड्याच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, रबर लावलेले. शेजारी त्यांच्या हाताची सहा रजिस्टरं. वर्ग उभा होता. प्रणाली दाराशी, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"पहिल्या दिवशी मी तुमाले एक शब्द देला होता," बाई म्हणाल्या. "तो माह्याकडून मोडला." माझं नाव नाही घेतलं. मी दारामागेच होते आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. "हे तुमचं हाय. ज्याले आपलं न्यायचं त्यानं न्यावं. रजिस्टरंही इथंच हायेत. ठेवायचे का न्यायचे, तुमी ठरवा. मी बाहेर थांबतो."

आणि दार लावून घेतलं.

व्हरांड्यात आम्ही दोघी. आतून आधी काहीच आवाज नाही. मग एक स्टूल सरकलं. मग बरीच. कागदांची सळसळ, दबकं बोलणं, कोणाचं तरी हसणं आणि लगेच थांबणं. मी काचेतून पाहायला पुढे झाले तर बाईंनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. त्यांचा हात गार होता. 'थोडी मुलं तरी ठेवतील,' मी मनात म्हणत होते. 'निम्मी. चार तरी.' बाई भिंतीकडे पाहत होत्या. त्या दिवशी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

दार उघडलं. मुलं एकेक करून बाहेर आली. बॅगा फुगलेल्या, नजरा खाली. दोघांनी बाईंच्या पायांशी वाकल्यासारखं केलं आणि अवघडून निघून गेले. सर्वांत शेवटी प्रणाली. तिच्या हातात पातळसा गठ्ठा. माझ्यासमोरून गेली, थांबली नाही. बाईंशी मात्र थबकली.

बाईंनी एवढंच विचारलं, "शनिवारी किती वाजता हाय गा परीक्षा तुमची?" घाईत मुलीला, 'वं' सोडून, पुरुषाला म्हणतात ते 'गा' म्हणाल्या.

"अकराला, मॅडम," प्रणाली म्हणाली. "मी दहालाच येते."

आम्ही आत गेलो. टेबल रिकामं होतं. रजिस्टरंही नव्हती. उरले होते फक्त रबर, पन्नासेक असतील. बाईंनी ते एकेक उचलले आणि मनगटावर चढवत गेल्या, घड्याळाच्या वर, कोपरापर्यंत. मग म्हणाल्या, "चाल, चहा घेऊ."

शुक्रवारी समिती. मी मागे कोपऱ्यात बसले. भोयरबाई उठल्या, हातात कागद नाही. "अभ्यास होता, आता नाही. पोराइले देलेला शब्द पाळता नाही आला, म्हणून त्याइचं त्याइले वापस केलं."

एक सदस्य भला माणूस होता. म्हणाला, "पण मॅडम, दोन वर्षांचे निष्कर्ष तुम्हाला तोंडपाठ असतील. तेच सांगा."

"तोंडपाठ हायेत सर. पण ते आता माह्ये नाही राहिले."

अध्यक्षांनी चष्मा काढून सगळ्या खोलीवर नजर फिरवली. शब्द कोणी मोडला, हे कोणी विचारलं नाही. तेव्हा मी उभं राहायला हवं होतं. दोन ओळींचं पत्र लिहून मला वाटत होतं की माझं झालं. अध्यक्ष म्हणाले, "मग हा विषय बंद करू या, ठीक आहे ना?" आणि मी, मागच्या खुर्चीवर बसलेली, पदर सावरत मान हलवली.

शनिवारी मी घरी राहिले आणि गरज नसताना कूलरची टाकी घासली. दुपारी बाईंचा फोन आला. "बसली होती. दोन प्रश्न चुकली. तिसऱ्याले म्हणाली, नाही येत मॅडम. चांगलं म्हणाली." बस, एवढंच. प्रणाली पास झाली. माझ्याशी ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि तिने बोलावं असं कोणतं कारणही मी तिला दिलं नव्हतं.

बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. नवा अभ्यास सुरू केला नाही. दोन वर्षं चालणारा वर्ग एका वर्षात कुठून आणणार? निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी झाडांच्या सालींचे रंग आठवले. चिठ्ठ्यांचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या लेकीकडे रायपूरला कायमच्या राहायला जाणार होत्या. जायच्या आदल्या दिवशी रामदासपेठेत माझ्याकडे आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी जिना चढून. कोथिंबिरीची सांबारवडी खाल्ली, नातीला कोणत्या वर्षाला आहेस विचारलं, बशीत चहा ओतला. इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं. म्हटलं, "बाई, तुमचं सगळं काम माझ्यामुळे गेलं. तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत. खरं सांगा, राग आहे?"

त्यांनी बशी संपवली. खाली ठेवली. तोंड पुसलं. आणि म्हणाल्या, "काम गेलं त्याचं वाईट अजूनही वाटते मले. तुले खोटं काहून सांगू? पण ते पोट्टी गेली असती नं, नलू, तं मी आज तुह्या घरचा चहा नसती पेली."